बुडालेल्या पतसंस्थेची सभा

सकाळचे अकरा. आळेफाट्यावरचं मंगल कार्यालय. आमच्या भागातली सगळ्यात मोठी पतसंस्था बुडाली, तिच्या ठेवीदारांची पहिली सभा. पतसंस्था बुडाली की ठेवी अडकतात, किस्से मात्र व्याजासकट वाढतात. माझी आख्खी उमर बातमीदारीत गेली. कोणी जबाबदारी घेतल्याची बातमी अजून लिहायची आहे.

सभा म्हटली की आपल्याकडे अध्यक्ष लागतो. कुणीतरी सवयीने पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांचं नाव सुचवलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, टाळ्या पडल्या. ते खुर्चीत बसल्यावर ध्यानात आलं, हे तर बुडालेल्या संस्थेचेच चेअरमन!

शेजारी महाळुंगे पडवळच्या हौसाबाई होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे त्यांनी इथेच ठेवलेले. म्हणाल्या, "उठवू नका राव त्यास्नी. पयल्यांदाच समोर गावल्यात."

चेअरमन बोलले, "सगळे ठराव एकमताने झाले. मग एकट्याला कसं धरता?"

पुढे सरकारने प्रशासक नेमला. त्याला घेराव घालायला ठेवीदारांची कमिटी गेली. पण नव्या साहेबाकडे मोकळ्या हाताने जायचं कसं? शाल-नारळ नेला. घेराव राहिला, सत्कार झाला. थोड्याच दिवसांत साहेबाची बदली झाली. निरोपाची शालही ठेवीदारांचीच.

मी ऑडिटरला गाठलं. "ऑडिटमध्ये संस्थेला दरवर्षी 'अ' वर्ग कसा दिलात?"

"दाखवलेले कागद तपासले. न दाखवलेले कसे तपासू?"

सहकार खात्यात विचारलं, तर म्हणाले, "तपासायचं काम ऑडिटरचं."

तक्रार घेणारं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. हौसाबाई खालीच पायरीवर बसल्या. वरून क्लार्कने सांगितलं, "अर्जदार समक्ष पाहिजे."

"येते की," हौसाबाई म्हणाल्या. "आधी पैसं द्या, गुडघं करून घेते, मग पळत येते."

शेवटी राजुरी शाखेची तिजोरी पंचांसमोर उघडली. तिला दोन किल्ल्या, एक चेअरमनकडे, एक मॅनेजरकडे. दोन्ही एकदम लावल्याशिवाय दार हलत नाही. दार उघडलं. आत काहीच नव्हतं. कुलपावर साधा ओरखडा नाही.

चेअरमन म्हणाले, "माझी किल्ली आजवर कधी घराबाहेर गेली नाही."

मॅनेजर म्हणाला, "माझी तर देव्हाऱ्यातच असते."

पंचनामा करणाऱ्या अधिकाऱ्याने दोन्ही जबाब लिहून घेतले. हौसाबाई काठी टेकत तिजोरीपाशी गेल्या, आत डोकावल्या.

"दोन्ही घरीच व्हत्या, मग ही उघडली कुणी?"

पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. हा प्रश्न त्यात नाही.