‘बेस’ची नोंद

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगराच्या पायथ्याशी, लष्करी हॉस्पिटलात होतं. हुद्दा हवालदार, काम नर्सिंग असिस्टंटचं. सहाला अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह सुरू, साडेसहाला ड्रेसिंग, आठला मेजर साहेबांचा राउंड. याशिवाय माझ्या ताब्यात एक रजिस्टर होतं.

मेजर साहेब हाडांचे सर्जन. त्यांचा एक अभ्यास चालू होता. हाड मोडून कातडीबाहेर आलेल्या पायाची जखम किती तासांत धुतली, हाड कोणत्या पद्धतीने बसवलं आणि पुढे त्या पायाचं काय झालं, हे लिहून ठेवायचं. साहेब म्हणत, ऑपरेशन कसं झालं ते मी सांगेन. पाय कसा झाला ते वर्षाने जवान सांगेल. म्हणून सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष असे चार रकाने. प्रश्न अकरा. विचारायचे मी, भरायचे मी. मला याद्यांची सवय आहे हे साहेबांनी हेरलं होतं.

मे महिन्यात बर्फ वितळलं की जमिनीत पेरलेले जुने माइन जागा सोडून खाली सरकतात. त्या दिवशी सकाळी 10:40 ला रेडिओ वाजला.

“वन कॅज्युअल्टी. माइन ब्लास्ट. लेफ्ट लेग. कॉन्शस. ओव्हर.”

“टुर्निके टाइम? ओव्हर.”

“वन झीरो टू फाइव्ह. ओव्हर.”

11:30 ला हेलिकॉप्टर उतरलं. स्ट्रेचरवर लान्स नायक अनिस. कपाळावर मार्करने लिहिलेलं: T 1025, म्हणजे रक्त थांबवायला मांडीवर टुर्निकेचा पट्टा आवळल्याची वेळ. मी त्याचा बूट कापायला घेतला, तसा तो दात आवळून म्हणाला, “हळू ना बाप्पा, जीव चाल्ला माहा.”

माझी कात्री थांबली. “कुठचा रे तू?”

“कामरगाव.”

“मी शेलूबाजारचा.”

“मंग तं घरचेच निंघाले. भाऊ, पाय ठेवा. बाकी काय कापाचं ते कापा.”

साहेबांनी टुर्निके क्षणभर सैल करून पावलावरची नाडी चाचपली. लागत होती, पण क्षीण. “कापणं सेफ आहे,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणतोय तो?”

“पाय ठेवा म्हणतो, साहेब.”

“ओके. वुई ट्राय.”

12:05 ला टुर्निके पूर्ण सोडलं. जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, हाडात सळ्या घालून बाहेरून लोखंडी चौकट बसवली. नंतर आणखी पाच वेळा धुतली. पाय राहिला.

वॉर्डात अनिसची जीभ सगळ्यांत आधी बरी झाली. “भाऊ, दिवसभर काय लिहून राह्यले? शेलूबाजारचा बाजार सुटला, पण यादी नाई सुटली!”

“तुझंच नाव चढवतोय. केस नंबर सत्तावीस.”

“शाळेतबी माहा असाच नंबर ये.”

महिन्याभरात मेडिकल बोर्डाने तपासून त्याला घरी पाठवलं. कामरगावात वडिलांच्या शिलाई मशीनवर बसू लागला. मी ठरल्या तारखेला फोन करायचो. इतर जवानांना अकराही प्रश्न वाचून दाखवायचो. अनिसशी मात्र आमच्याच बोलीत बोलायचो.

“कसा हाय पाय?”

“बेस.”

“उभं राह्यता येते?”

“उभाच हाय, भाऊ.”

“दुखते?”

“बेस हाय म्हनलं ना. तुमी सांगा, घरी कवा येता?”

बेस म्हणजे छान; सहा आठवड्यांच्या रकान्यात मी ‘गुड’ लिहिलं. तीन महिने, गुड. सहा महिने, गुड. त्या एका शब्दावर मी अकराही उत्तरं भरून टाकत होतो.

मग मी निवृत्त होऊन घरी आलो. साहेबांनी सांगितलं होतं, वाशिमकडच्या केसेस वर्षाला तू स्वतः पाहा. त्या केसेसचे रजिस्टरमधले फॉर्म, टेप, कोन मोजायची पट्टी पिशवीत घातली आणि सकाळच्या जीपने निघालो. 11:15 ला अनिसच्या दारात होतो. त्याची बायको बाहेर आली.

“तुमीच का ते फोनवाले भाऊ?”

“हो. अनिस आहे का?”

“ते नाईत आता. वीस रोज झाले.”

तिने पाणी दिलं आणि सांगितलं. सळ्या काढल्या, पण एका भोकातून पू येणं कधी थांबलंच नाही. तो स्वतःच फडकं बांधायचा. डॉक्टरकडे जायचं नाव काढू देत नसे.

“काहून?”

“म्हने, डॉक्टर पाहीन तं कापीन.” शेवटी ताप चढला. दवाखान्यात नेईपर्यंत विष रक्तात पसरलं होतं.

“तुमचा फोन आला का उठून उभे राहत,” ती म्हणाली. “म्हनत, हवालदार साहेब उभं राह्यता येते का म्हून इचारते, खोटं नाई बोलाचं. फोन झाला का मंग भिंत धरून बसत, घंटाभर.”

‘बेस’ म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे अंगात ताप असलेला माणूसही ओट्यावरून बेसच म्हणतो. ते ‘कसं काय’चं उत्तर आहे, पायाचं नव्हे. परमुलखातला हवालदार असता तर त्याने विचारलं असतं, बेस म्हणजे काय? मला तो शब्द कळत होता, म्हणून मी विचारलं नाही.

तिथूनच साहेबांना फोन लावला.

“साहेब, सत्तावीस. डेथ. इन्फेक्शन.”

त्यांनी विचारलं, “सहा महिन्यांची नोंद काय आहे?”

“गुड. माझ्या हातची.”

“पाय पाहिला होतास?”

“नाही, साहेब. फोनवर.”

“खोडू नको.”

लष्करात चुकलेली नोंद खोडत नाहीत. एक सरळ रेघ मारतात, वर बरोबर ते लिहितात, सही करतात. मी तिन्ही ‘गुड’वर रेघ मारली. वर लिहिलं: पाय पाहिला नाही. सही केली. पुढे साहेबांनी फॉर्मच्या माथ्यावर नवा प्रश्न घातला: पाय उघडा करून पाहिला का? तो अनिसचा प्रश्न आहे, हे आम्हा दोघांनाच माहीत.

निघताना ती दारापर्यंत आली. “भाऊ, वाईट नका वाटून घेऊ. दोनी पायानं गेले ते. त्यायले तेच पायजे होतं.”

फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न आहे: उपचाराबद्दल जवान समाधानी आहे का? सत्तावीस नंबरपुढचा तो रकाना मी भरलेला नाही.