टॉवेलचा एक धागा

तीस वर्षांत यंत्रमागाच्या खडखडाटानं बंदेनवाज चाचांचे कान खाल्ले, पण बोटं शाबूत राहिली. माग गेला तेव्हा हा पठ्ठ्या कपाळाला हात लावून बसला नाही. त्यानं काचेच्या धाग्यांचं काचकापड नि ते कडक करणारं रेझिन हाती धरलं. आता कृत्रिम पायाचं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोळ, हलकी हवी तर लोक चाचांचंच दार ठोठावतात. दार मात्र जोरात ठोठावावं लागतं.

उरलेल्या पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर रेझिनमध्ये भिजवलेलं काचकापड, वर भोकाभोकाचं प्लास्टिक, जादा रेझिन प्यायला टॉवेल आणि सगळ्यावर पिशवी. कडा चिकटपट्टीनं बंद करून पंपानं हवा ओढली की पिशवी गच्च आवळते, बुडबुडे निघून जातात. टॉवेलऐवजी बाजारात खास कापड मिळतं. पण सोलापुरात राहून कापड बाहेरून मागवायचं, याची चाचांना शरम वाटते.

त्या दिवशी सॉकेट होतं वैजयंतीचं. टॉवेलच्या कारखान्यात कडांचे सुटे धागे कापायचं तिचं काम. अपघातात पाय गेला, मिळालेला कृत्रिम पाय जड निघाला, जखमा झाल्या, नि ती चार महिने घरी बसली. सोमवारी पाळीभर उभी राहिली तर काम, नाहीतर जागा दुसरीला. नवे टॉवेल तिनंच आदल्या दिवशी कारखान्यातून मागून आणले होते; एक पिशवीत गेला, बाकी फळीवर होते.

पंप सुरू झाला, पण त्याच्या मापकाचा काटा चढेना. कुठूनतरी हवा आत शिरत होती. वीस मिनिटांत रेझिन घट्ट होणार. ते बिघडलं तर साचाही गेला नि सोमवारही. मुलगा नईम पिशवीला कान लावून थकला. पंपाच्या आवाजात काही कळेना.

"गया अब्बा ये!" तो ओरडला.

चाचांनी खिशातून सुताचा तुकडा काढला आणि पट्टीच्या कडेकडेनं सावकाश फिरवला. एका जागी सुताचं टोक आत ओढलं गेलं. तिथली पट्टी उचलली, तर खाली टॉवेलचा एक सुटा धागा दडलेला. तो कापून त्यांनी पट्टी दाबली. काटा चढला. कान गेलेल्या माणसानं हवेची चोरी पकडली होती.

वैजयंतीचा चेहरा उतरला. "माजाच टॉवेल नडला व्हय, चाचा?"

तिचे ओठ वाचून चाचा हसले. "तुमच्या हातचा न्हाय ह्यो, ताई. तुमी घरी बसल्यावरचा हाय. तुमी असता तर ह्यो धागा राहिला असता व्हय? सोमवारी जावा. लई धागे राहाय लागलेत तितं."

वैजयंतीनं डोळे पुसले. मग फळीवरच्या बाकी टॉवेलांकडं बघून तिनं कात्री मागितली.