शीरखुर्म्याच्या डब्यातला आरसा

माझ्या हातची पेटी कधी फुटली नाही, हे वाक्य मी पुंडलिकनगरात इतक्यांना ऐकवलंय की आता मी तोंड उघडायच्या आधीच शेजारी मान डोलावतात. उभी नोकरी मी कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये काढली. माल बांधायचा, पट्ट्या आवळायच्या, 'काचसामान' असं लाल रंगात लिहायचं आणि ट्रक निघाला की हात झटकायचे. तेव्हा निवृत्तीनंतर दुर्बीण विमानानं हैदराबादला न्यायची वेळ आली, तर मी कुणाचा सल्ला घ्यावा? मी तर सल्ला देणारा माणूस.

दुर्बीण आम्हा दोघांची. दुसरा म्हणजे आमच्याच कारखान्यातला टूलरूमचा माझा मित्र. पाळी सुटली की त्याच्या अंगणात तेलाचा रिकामा ड्रम उभा करून त्यावर काचेची तबकडी ठेवायची, वर दुसरी तबकडी, मधे घासायची पूड, आणि घासत घासत ड्रमभोवती फिरायचं. त्याच्या अम्मी म्हणायच्या, "ये दोनों को घर में काम नहीं क्या?" असं महिनोन् महिने फिरून जेवणाच्या ताटाएवढा खोलगट आरसा तयार झाला. शेवटच्या आठवड्यात धुताना मी तो नळाच्या तोटीवर आपटला आणि कडेचा टवका उडाला. मी रडकुंडीला आलो. तो म्हणाला, "जाने दे रे, तेरा दस्तखत हो गया." पत्र्याची नळी करमाडच्या फॅब्रिकेशनवाल्यानं वळवून दिली. त्यातून आम्ही पहिल्यांदा पाहिला तो चंद्र, वेरूळच्या रस्त्याला एका शेताच्या बांधावर बसून.

मित्राची बायको, आमच्या भाभी, वारल्यावर त्याला लेकीनं हैदराबादला नेलं. एक डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता. आता दुसराही चालला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला आणि हेही सांगितलं, की त्यानंतर दिसेलच असं नाही. त्या रात्री त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाला, "मेरेकू अपने आईने में एक बार चाँद देखना है. फिर डॉक्टर कुछ भी कर लेने दे."

ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं तिकीट मिळालं. म्हणजे संध्याकाळ एकच.

बांधणी मी अशी केली की माझी मलाच दृष्ट लागावी. आरसा नळीतून काढून वेगळा घेतला, कारण तो सामानात टाकणं म्हणजे लेकरू टपालानं पाठवणं. त्याच्या चकाकत्या तोंडाला काही टेकायला नको, म्हणून फक्त कडेला फोमचं कडं बसवलं. त्या मापाचा डबा घरभर शोधला, तर मिळाला एकच. मित्राच्याच घरचा, ईदेला शीरखुर्मा भरून आलेला आणि परत करायचा राहिलेला. आरसा त्यात असा बसला जसा त्याच्यासाठीच घडवलाय. नळीला गोधडीचे तुकडे लावून लाकडी पेटीत निजवलं. भिंगं पायमोज्यांत घातली. तिथं गेल्या गेल्या जोडणी करता यावी म्हणून पाना, पेचकस, पक्कड, सगळी हत्यारं पेटीतच ठेवली. आंघोळ करून आलो, झाकण ठोकलं, चारी बाजूंनी स्क्रू पिळले, वरून कारखान्यातल्यासारखी लोखंडी पट्टी आवळली. बायको म्हणाली, "उघडायची कशी मग?" मी म्हणालो, "उघडू नये म्हणूनच बांधतात."

चिकलठाण्याच्या विमानतळावर पेटी यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावरचं चित्र मलाही दिसत होतं. लांबलचक नळी आणि तिच्या पोटात तीन-चार काळे गोळे. दौलताबादच्या किल्ल्यावरची तोफ कुणी भरून पाठवलीय, असंच वाटावं. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं की यात काय आहे. मी छातीठोकपणे सांगितलं, नळी रिकामी आहे. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "खोलिए."

पेचकस कुठं आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की दया, मला अजून ठरवता आलेलं नाही. पेटी ढकलत मी बाहेर आलो. बायको मला सोडायला आली होती, तिथंच उभी होती. एका रिक्षावाल्याकडे पक्कड मागितली. त्यानं पट्टी कापली, स्क्रूंशी झटापट केली, "काका, हे बांधलंय का पुरलंय?" असं विचारून घेतलं. झाकण निघालं. नळीच्या तोंडाशी माझी गोधडी नव्हती, हिरवा खण होता. खण ओढला तसा तांदूळ भसाभसा फरशीवर आला. मागोमाग हळकुंडं, सुपाऱ्या आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या.

मी आंघोळीला गेलो होतो तेव्हा हिनं दुर्बिणीची ओटी भरली होती.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "लेकीच्या घरी चाललंय. तिची आई नाय आता. रिकामं कसं धाडू?" भाभी होत्या तेव्हा त्यांची लेक माहेरपणाला आली की एक ओटी आमच्या घरची असायची. हे मला ठाऊक होतं. नळी रिकामी असते आणि ती रिकामीच न्यायची असते, हे तिला सांगायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

सुकं खोबरं तेलकट, पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही, असं आत सांगितलं. खोबरं काढून टाकतो म्हणालो. तर म्हणाले, आता ही पेटी पुन्हा तपासावी लागेल आणि सामान घेणं तर बंद झालं. तुम्ही जाऊ शकता, पेटी नाही. मी हात जोडले. डोळ्याचं सांगितलं, चंद्राचं सांगितलं. काउंटरवरच्या मुलीचे डोळे भरून आले, पण पट्टा काही सुरू झाला नाही. पळत बाहेर आलो तर ही खाली बसून तांदूळ वेचत होती. वर न बघता म्हणाली, "आरसा हाये ना हातात? जावा मग." आणि एक सुपारी माझ्या खिशात कोंबली. शकुनाची.

पुढच्या तपासणीत डबा उघडला गेला. शिपाई वाकला आणि त्याचा चेहरा आरशात परातीएवढा झाला. त्यानं आधी मिशी सारखी केली, मग विचारलं, "हैदराबाद में आईना नहीं मिलता क्या?" मी म्हणत होतो, हात लावू नका, कृपा करून हात लावू नका. तोवर त्यानं अंगठा टेकवला होता. पुसला तर ओरखडा पडणार, म्हणून तो ठसा तसाच घेऊन मी विमानात बसलो. मांडीवर डबा. नळी नाही, भिंगं नाहीत, नळी पेलणारं तिकाटणं नाही. हवाईसुंदरीनं डबा वर ठेवायला सांगितला तेव्हा मी असं काही बघितलं असेल, की ती पुढं निघून गेली.

मित्र गच्चीवर खुर्ची टाकून बसला होता. पावलांवरून मला ओळखलं. "दुर्बीण किधर है?" मी डबा त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं बोट फिरवून कडेचा टवका शोधला आणि बराच वेळ तिथंच ठेवलं. मी सगळी हकिकत सांगितली. तो खोबऱ्यापाशी हसला. अर्धा चंद्र वर आला होता, आणि डोळ्याला लावायला आमच्याकडे काही नव्हतं.

तेव्हा मला आठवलं की आरसा एकटाही चंद्र दाखवतो. डोळ्याला नाही, कागदावर. खुर्ची मागं कलती करून भिंतीला टेकवली, तिच्या पाठीला डबा टेकवला, तोंड चंद्राकडे. कागद आणायला लेक खाली निघाली, तर मित्र म्हणाला, "नक्को, हाथ है ना." त्यानं तळहात पुढं धरला. मी तो धरून मागंपुढं केला आणि शर्टाच्या गुंडीएवढा चंद्र त्याच्या तळहातावर उमटला. लख्ख, बारीक, अर्धा.

"आला," मी म्हणालो. "बघ."

बघायला तो वाकला आणि चंद्र गेला. डोकं मधे आलं, आरशावर सावली पडली. तो मागं झाला, चंद्र आला. वाकला, गेला. हात डोळ्याजवळ नेला तर चंद्राचा नुसता धूसर डाग झाला. पुन्हा वाकला. त्याचा श्वास जोरात चालला होता. "मेरेकूच नहीं दिख रहा क्या रे? सच बोल ना." मी आयुष्यभर लोकांना बांधणी शिकवली, आणि इथं एका माणसाचं डोकं कुठं ठेवावं ते मला कळत नव्हतं.

आरसा जरा तिरका करायला हवा होता, म्हणजे चंद्र बाजूला पडला असता. खिसे चाचपले. डब्याच्या बुडामागं सुपारी सरकवली. चंद्र त्याच्या हातावरून उडाला, भिंतीकडे गेला. मी त्याचा हात धरून हवेत शोधत राहिलो, तेवढ्यात लेक म्हणाली, "चाचा, यहाँ." हात तिथं नेला. तो वाकला. या वेळी सावली आली नाही.

समोरून बघितलं तर दिसेना. मग त्यानं मान वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यानं पाहू लागला. हळूच मूठ मिटली, तर चंद्र बोटांवर जाऊन बसला. मूठ उघडली, पुन्हा तळहातावर.

"लई छोटा है," तो म्हणाला. "पर अपनाच है."

चंद्र सरकत राहतो, हात पुन्हा पुन्हा हलवावा लागतो. आम्ही हलवत राहिलो, गच्चीच्या टाकीमागं तो जाईपर्यंत.

ऑपरेशन झालं. डोळा वाचला नाही.

आरसा मी त्याच्यापाशीच ठेवून आलो. अंगठ्याचा ठसा अजून पुसलेला नाही. डबा मात्र लेकीनं माझ्याबरोबर परत दिला, तोही भरून. नळी इथं माळ्यावर आहे. हिनं झटकून ठेवलीय म्हणते, पण हलवली की कुठंतरी एखादा दाणा अजून खुळखुळतो.