व्हर्लीने उरकलेला अंत्यविधी

व्हर्ली गप्टिल साठीची झाली तरी ग्रँड मनान बेटाच्या पश्चिमेच्या कड्याखाली रोज डल्स वेचायला जायची. डल्स म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरचं लालसर शेवाळ. वाळवायचं, पिशव्यांत भरायचं, विकायचं. बेटावरची पोरं ते चिप्ससारखं चघळतात. चर्चला ती नाताळाला जायची, तेही केकसाठी.

तिचा नवरा थर्स्टन मार्चमध्ये गेला आणि नेमका पूर्वेचा वारा सुटला. फेरीबोट पलीकडच्या धक्क्याला बांधून पडली आणि पाद्रीबुवाही तिकडेच अडकले. वारा पडायचं नाव घेईना.

"थांबू या वहिनी," धाकटा दीर हार्लन म्हणाला. तो चर्चच्या समितीवर होता आणि काळा कोट घालून बसायची त्याला हौस होती.

"किती थांबायचं? आयुष्यभर उशिरा पोचला तो, निदान मातीत तरी वेळेवर जाऊ दे."

"मग प्रार्थना कोण म्हणणार?"

"मी बोलेन. चाळीस वर्षं त्याच्याशी मीच बोलतेय."

हार्लनचा चेहरा पडला, पण गाव चर्चमध्ये जमलं. व्हर्ली रबरी बूट घालूनच उभी राहिली.

"थर्स्टन आळशी होता," तिने सुरुवात केली. "गाता येत नव्हतं, तरी गायचा. हेरिंग मासळी पकडायला त्याने समुद्रात खांब रोवून जाळ्याचं कुंपण घातलं होतं. आयुष्यात एकदाच ते तुडुंब भरलं. आणि त्याच दिवशी मासळीमागोमाग आत एक देवमासा शिरला."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

"मासळी आधी काढून घेऊ, असं सगळे म्हणत होते. हार्लन, तूच जास्त ओरडत होतास." हार्लनने मान खाली घातली. "पण ते धूड घाबरून लहान लेकरासारखं कण्हत होतं. ह्याने सुरी काढली आणि स्वतःचं जाळं कापलं. देवमासा गेला, मासळीही गेली. मी महिनाभर ह्याच्याशी बोलले नाही. नंतर कळलं, गडी धक्क्यावर सांगत फिरत होता, की इतका सुखाचा महिना आयुष्यात गेला नाही म्हणून!"

चर्च हसून हसून गदगदलं. व्हर्लीही हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज चिरकला. तिने बाहीला नाक पुसलं.

"देवा, सांभाळ ह्याला. फक्त गायला लावू नकोस."

वारा पडल्यावर पाद्रीबुवा आले आणि विधी नीट पुन्हा करू या म्हणाले.

"त्याला आता उठवू नका," व्हर्ली म्हणाली. "मुश्किलीने झोपलाय." त्यांच्या हातात डल्सची पिशवी देऊन तिने त्यांना वाटेला लावलं.

त्यानंतर बेटावर कोणी वारलं, की लोक आधी व्हर्लीकडे यायचे. पाद्रीबुवा धक्क्यावर हजर असले तरी. दोन वर्षांनी हार्लन आजारी पडला, तेव्हा त्याने तिला मुद्दाम बोलावून घेतलं.

"वहिनी, माझ्या वेळी काय बोलशील?"

"खरं असेल ते."

हार्लनने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"मग थोडक्यात बोल," तो म्हणाला.