उपाशी पोटी

जुन्नरच्या पेठेत कस्तुरबाईंचा उपास म्हणजे उपास. उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. बाकी तोंडात काही नाही. जैनांच्या पर्युषणात असे सलग आठ दिवस काढूनही बाईंच्या बोलण्याची धार कमी होत नसे. त्यामुळे जगाच्या उपासांकडे त्या नाक मुरडूनच बघत. साबुदाणा काय, रताळं काय, राजगिऱ्याचे लाडू काय, आणि रात्री चंद्र दिसला की पुन्हा भरलं ताट! "एकादशी नि दुप्पट खाशी, ही म्हण तुम्हीच केलीत ना? मग मला कशाला बोलायला लावता?" असं शेजारणींना म्हणत, आणि मग अर्धा तास बोलत.

आणि दैवाची थट्टा बघा, या बाईला नवरा मिळाला रमणलाल. माणूस गोड, कापडाचं दुकान बरं चालवी, समोरच्या जैन स्थानकाचा विश्वस्तही होता. पण जिभेवर ताबा म्हणाल तर शून्य. उपास धरला की दुपारपर्यंत डोकं दुखायचं, आणि डोकं दुखलं की उपास सुटायचा. बारा वर्षांपूर्वी साखरेचं दुखणं जडलं. गोळ्या पुरेनात, तेव्हा इन्सुलिन आलं. शेटजींना सुईची भीती. सकाळ-संध्याकाळ शर्ट वर करून, डोळे मिटून बसायचे आणि कस्तुरबाई पोटावर टोचायच्या. "नवसाचं बाळ माझं!" असं हिणवायच्या, पण एक वेळ कधी चुकवली नाही.

यात आला दादाभाऊ. हा आंबेगावच्या डोंगराकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. जीवरसायनशास्त्रात पीएचडी झाला, कॉलेजात प्राध्यापक झाला. इथवर कौतुकच. पण नावामागे डॉक्टर लागलं आणि गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. डोंगरातल्या कुठल्याशा झाडाची साल त्यानं कुटली, तिचा अर्क काढला, उंदरांना पाजला, आणि उंदरांची साखर उतरली म्हणे. झाडाचं नाव विचारलं की गालात हसायचा. "पेटंट व्हायचंय, राव."

उंदीर झाले, आता माणसं हवी होती. परवानग्या आल्या, आणि या शहाण्यानं रक्ततपासणीला दिवस धरला संकष्टीचा, जागा ओझर. विघ्नहराला गर्दी होते, माणसं आयती सापडतील, एवढाच विचार. बोर्डावर लिहिलं, 'उपाशी पोटी यावे'. लोक म्हणाले, "त्यात काय! आज उपासच हाय की!" आणि तपासणीच्या हॉलच्या पायरीशीच ठमाबाईची साबुदाण्याच्या खिचडीची गाडी. ज्यानं त्यानं गरमागरम बशी हाणली, वर चहा ओतला, आणि आत जाऊन हात पुढं केला. रक्त काढणारी मुलगी विचारी, "उपाशी का?" "व्हय, उपास हाय." ती लिही, उपाशी. खोटं कुणीच बोललं नाही, आणि खरं एकही उतरलं नाही.

मग दोन महिने सगळ्यांनी, त्यात आपले शेटजीही, आपापली औषधं चालू ठेवून वर सालीची पूड घेतली. दुसरं रक्त काढलं एका साध्या बुधवारी, भल्या सकाळी. संकष्टी नाही, ठमाबाई नाही, सगळे खरोखरचे रिकाम्या पोटी. आता पहिल्यांदा पोटात साबुदाणा नि बटाटा, दुसऱ्यांदा नुसता वारा. साखर उतरणार नाही तर काय करणार? पण दादाभाऊ हुरळला. 'साखर निम्म्यावर!' असा फ्लेक्स लागला. सत्कार झाला. ज्याची साखर सगळ्यात जास्त उतरली त्या रमणलालला शाल-नारळ मिळालं, आणि शेटजी घरी येऊन म्हणाले, "आता तुझी सुई बंद."

"उंदराच्या औषधावर तुम्ही जगणार?" कस्तुरबाई म्हणाल्या.

"उंदराच्या नाही, माणसांच्या रक्तावर सिद्ध झालंय. रक्त काय खोटं बोलतं?"

महिन्यातच रंग दिसला. घशाला कोरड, रात्रभर मोरीच्या फेऱ्या, विजार कमरेवर ठरेना. चप्पल चावून अंगठ्याला फोड आला होता, तो काही केल्या भरेना, उलट कडेनं काळा पडला. नारायणगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आजपासून इन्सुलिन, नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाय. शेटजी मान डोलवून आले आणि घरी येऊन पुडीच घेतली. कस्तुरबाई रोज सुई भरून समोर उभ्या राहत. त्यांना आयुष्यात प्रथमच भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचाही राग येत होता.

अशात एके दिवशी ठमाबाई नातीच्या बारशाला झबल्याचं कापड घ्यायला दुकानात आली. "काय शेट, लई वाळलात! पुन्हा आलाच न्हाई खिचडी खायला? त्या चतुर्थीला रक्त द्यायच्या आधी दोन बशा हाणल्या, वर मलाच म्हनं, बटाटा जास्त घाल!"

शेटजी एकदम कापड मोजायला लागले. कस्तुरबाई गल्ल्याजवळ होत्या. जमिनीखालचा बटाटा जैनाला वर्ज्य, ते एक असो. पण उपाशी पोटाची म्हणून मिरवलेली साखर खिचडीची होती, हे त्यांच्या तिथल्या तिथं ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी त्या थेट कॉलेजात गेल्या आणि दादाभाऊला सगळं सांगितलं.

"भाभी, खिचडी ना?" तो हसला. "छान होती. मी पण खाल्ली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"उपासाला चालतेच की. आणि थोडाफार फरक सरासरीत जातो. बाकी इन्सुलिन बंद करा असं मी कुणाला म्हणालो नाही हं."

"मग तेवढं तरी येऊन त्यांना सांगा."

"आत्ताच लेख छापायला पाठवलाय, भाभी. आता मागं कसं येणार?"

कस्तुरबाईंनी त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुझ्या घरची मेंढरं बरी रे," म्हणाल्या. "ती खाल्लेलं निदान रवंथ करून बघतात."

घरी रमणलालनं कानांवर हात ठेवले. ठमाबाई खोटारडी, तिला माणूस ओळखू येत नाही, असल्या चोराच्या उलट्या बोंबा. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "चातुर्मास चालू आहे. साध्वी महासतीजी समोर स्थानकात उतरल्यात. विश्वस्त बटाटा खातो हे कळलं तर मी तोंड कुठं दाखवू? सुई घेतली की लोक विचारणार, पुडीचं काय झालं?"

बोट गेलं तरी चालेल, बोभाटा नको!   कस्तुरबाईंनी ओझरला ठमाबाईकडे निरोप धाडला, खिचडीचा डबा घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी प्रवचन संपून माणसं स्थानकाबाहेर पडत होती. कस्तुरबाई दुकानाच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, ठमाबाई डबा घेऊन शेजारी. बाईंनी डबा उघडला, बटाट्याची फोड उचलली आणि तोंडात घातली. जन्मात पहिली. मग दुसरी. चपलांचे आवाज थांबले. कुणीतरी "अगंबाई!" म्हणालं. रमणलाल गादीवरून लंगडत धावला. "कस्तूर! काय करतेस? सगळे बघतायत!"

"बघू द्या. आता उद्यापासून माझ्याबद्दल बोलतील. तुमची पाळी यायला वर्ष लागेल." त्यांनी मोठ्या कष्टानं घास गिळला. "मीठ कमी आहे. एवढ्यासाठी पाय द्यायला निघाला होतात?"

 रमणलाल पेठेकडे तोंड करून म्हणाला, "मी खाल्ली होती. दोन बशा. साखर उतरली वगैरे सगळं थोतांड आहे." एवढं बोलून तो उंबऱ्यावरच बसला आणि लहान पोरासारखा रडला.

कस्तुरबाईंनी रिक्षा बोलावली, नारायणगावला जायला. वाटेत एकदा थांबवायला लावली, खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकल्या. रमणलाल त्या काळ्या अंगठ्यानिशी मागोमाग उतरला, त्यांचं कपाळ धरून उभा राहिला. "माझ्यासाठी तू..." असं काहीतरी म्हणू लागला.

"गप्प बसा," कस्तुरबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "पाय मातीत टेकवू नका. चला, दवाखाना बंद होईल."