यादी समजून सोडलेलं फोल्डर

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवरून मी जे पुसलं, त्यात आईचा आवाज होता. आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी ते मुद्दाम केलं नाही. हे खरं असलं तरी त्याचा मला फारसा उपयोग झालेला नाही.

मी नेरला शाळेत मराठी शिकवतो. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तेव्हा त्यानं घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकली. त्याला लागणारे रेकॉर्डिंगचे प्रोग्राम तिकडे चांगले चालतात, म्हणाला. तेव्हापासून मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत. वर लिनक्स, खाली विंडोज. दहा सेकंदांत खालची ओळ निवडली नाही की मशीन आपणहून लिनक्समध्ये शिरे. मला शाळेची माहिती ऑनलाइन भरायची असे. मी चष्मा शोधेपर्यंत भावाचा पडदा उघडलेला. मग बंद करा, पुन्हा सुरू करा.

आई बाजूला बसून हसायची. ‘‘एका घरात दोन सवती नांदवून राह्यला काय रे?’’

ती गेल्यावर तो काळा पडदा मला सहन होईना. त्यात विंडोजची जागा भरत आली होती; शाळेचं काम मध्येच अडकायचं. शेवटी मी लिनक्स काढायचं ठरवलं आणि भावाला फोन केला.

‘‘काढ ना भाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘मले आता त्याचं काम नाही. फक्त माह्या फोल्डरमधलं सगळं घेजो आधी. सगळं, बरं का.’’

‘‘घेतो.’’

मी पुस्तकी माणूस आहे. कुठलंही काम आधी कागदावर उतरवतो. इंटरनेटवर वाचून पायऱ्या लिहून काढल्या. विंडोजला लिनक्सच्या भागात काय आहे ते दिसत नाही, नुसती जागा दिसते; म्हणून आधी लिनक्समध्ये जाऊन हवं ते पेनड्राइव्हवर घ्यायचं. मग विंडोजमध्ये येऊन तो भाग पुसायचा, मोकळी झालेली जागा विंडोजला जोडायची आणि सुरुवातीचा तो मेनू घालवायचा. प्रत्येक पायरीपुढे बरोबरची खूण करायला जागा ठेवली होती.

रविवारी सकाळी बसलो. भावाच्या फोल्डरमध्ये फोटो होते, त्याची प्रमाणपत्रं होती, कसलीकसली कागदपत्रं होती आणि yadi नावाचं एक फोल्डर होतं. सगळं निवडून पेनड्राइव्हवर टाकायला गेलो तर जागा पुरत नाही असा निरोप आला. काय वगळावं ते पाहू लागलो. मी वाचलं, यादी. भावाला याद्यांचा नाद लहानपणापासून. वाचायच्या पुस्तकांची, आणायच्या सामानाची, पाहिलेल्या गावांची. यादी कोणाला लागते, असं म्हणून मी ते फोल्डर सोडलं आणि बाकीचं घेतलं. जागा पुरली. म्हणजे ते सगळ्यात मोठं होतं. यादी इतकी मोठी कशी असेल, हा प्रश्न मला पडला नाही. उघडून पाहायला दोन टिचक्या पुरल्या असत्या.

मग विंडोजमध्ये येऊन तो भाग पुसला. ‘यातली सर्व माहिती नष्ट होईल, चालेल का?’ असं मशीननं विचारलं, मी हो म्हटलं. जागा जोडली. मेनू गेला. शाळेच्या जुन्या फायली दुसऱ्या डिस्कवरून आणून त्या मोकळ्या जागेत नीट लावल्या. चौथ्या पायरीपुढे खूण केली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

संध्याकाळी भावाचा फोन आला.

‘‘झालं काय?’’

‘‘झालं.’’

‘‘याडी घेतली ना नीट?’’

मी जागच्या जागी उभा राहिलो. आमच्या बंजारा तांड्याच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. रोमन अक्षरांत द आणि ड एकाच डीनं लिहितात. वर्गात मुलांच्या वह्यांमध्ये द-ड चुकला की मी लाल रेघ मारतो. आणि सकाळी ते फोल्डर पाहताना मला याडी हा शब्द सुचलाही नव्हता. शिकायला यवतमाळच्या वसतिगृहात गेलो तेव्हा पोरं हसायची, म्हणून मी तिला आई म्हणायला लागलो, तो कायमचा. भाऊ घरीच वाढला. त्याच्यासाठी ती याडीच राहिली. हाच शब्द त्यानं वाचला असता तर तो चुकला नसता.

‘‘भाऊ? आवाज येऊन राह्यला काय?’’

‘‘येते ना. घेतली,’’ मी म्हणालो.

ते खोटं मी तीन आठवडे सांभाळलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून कॉम्प्युटरचा डबा यवतमाळला नेला. एसटीत मांडीवर घेऊन बसलो होतो. दुरुस्तीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं.

‘‘सर, पुसून थांबले असते ना, तर काही तरी निघालं असतं,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्ही त्याच्यावर सामान लावलं. कायले एवढी घाई केली?’’

‘‘व्यवस्थित करायचं होतं.’’

‘‘व्यवस्थितच केलं तुम्ही,’’ तो म्हणाला. त्याला बोचरं बोलायचं नसावं. डबा ठेवून घेतला, दोनदा प्रयत्न केला. काही फायलींची नावं निघाली. त्या उघडल्या नाहीत. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली आणि मला चहा पाजला.

त्याच संध्याकाळी मी भावाला खरं सांगितलं. काय वाचलं तेही सांगितलं.

तो आधी हसला. खरंच हसला. ‘‘यादी? मराठीचे मास्तर!’’ मागे कुठेतरी त्याच्या इमारतीची लिफ्ट वाजत होती.

‘‘तीन आठवडे काहून नाही सांगतलं?’’

‘‘निघेल वाटलं.’’

‘‘दुसरीकडे कुठंच नाही ते. माह्या जुन्या फोनमधलं तिचं रेकॉर्डिंग मी तिथंच टाकलं होतं. तिथं सुरक्षित आहे म्हणून.’’ मग म्हणाला, ‘‘त्यात काय होतं ते तरी माहीत आहे काय तुले?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तुले रडाले तरी काय येणार भाऊ. तुले माहीतच नाही काय गेलं ते.’’

हे तो रागानं बोलला असता तर मी सोसलं असतं. त्यानं ते समजुतीनं सांगितलं.

त्यानंतर दर रविवारी तो फोन करतो आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये काय होतं ते मला सांगतो. मीच तशी विनंती केली होती. आई तुरीच्या शेंगा सोलत बोलायची. तिच्या बापाच्या बैलांची नावं. बोरी अरबच्या बाजारात ती लहानपणी हरवली आणि एका बांगडीवाल्याजवळ दिवसभर मजेत बसली, ती गोष्ट. तिच्या लग्नातला ढावलो, म्हणजे सासरी निघताना नवरी गळ्यात पडून रडत गाते ते गाणं. हे सगळं ती बोलली गोर बोलीत. भाऊ मला ते मराठीत सांगतो, कारण तसं नाही सांगितलं तर मला पुरतं कळणार नाही. मी वहीत लिहून घेतो. वाचताना ते माझ्यासारखं वाटतं, तिच्यासारखं नाही.

मागच्या रविवारी त्यानं ढावलो म्हणून दाखवायला घेतला. दोन ओळी म्हटल्या आणि अडकला. पुन्हा पहिल्यापासून घेतला, पुन्हा तिथंच थांबला.

‘‘पुढचं जाऊन राह्यलं डोक्यातून,’’ तो घाबरून म्हणाला. ‘‘भाऊ, रेकॉर्डिंग केलं तवा तू तर घरातच होता. तिनं दोनदा म्हटला होता. तुले आठवते काय?’’

मी घरातच होतो. सहामाहीचे पेपर तपासत होतो. गाण्यानं लक्ष लागेना, म्हणून मी उठून मधलं दार लावून घेतलं होतं.

ते मी त्याला सांगितलं.