बाबांनी गट बदलला

शेवटच्या दिवशी खाम्पुनबाबा हळदीसारखे पिवळे झाले होते, पण तोंड काही बंद नव्हतं. आरोग्यकेंद्राची बाई आली होती. गावातले कच्चा मासा खाणारे ती एका गटात लिहायची, न खाणारे दुसऱ्यात, आणि माशातल्या किड्यानं होणारा यकृताचा कॅन्सर कुठे जास्त होतो, ते बघायची. बाबा दरवर्षी स्वतःला न खाणाऱ्यांत घालायचे.

"बाबा, रोज खायचात की!" लेक लामदुआन ओरडली.

"कच्चा कुठे? लिंबू पिळलं, वर आंबट लाल मुंग्या टाकल्या. शिजला!"

"मग उद्यापासून चिकट भातावरही लिंबूच पिळते!"

"भात काय मासा आहे?"

लामदुआनचा जीव तुटत होता तो काकासाठी. सेंगकाका गावभर सांगायचा, "दादा मासा खात नव्हता, तरी आजारी पडलाच ना? मग मी खाल्ला तर काय बिघडलं?" आणि खुशाल वाटीभर हाणायचा.

तिनं हे सांगितल्यावर बाबा बाईकडे वळले. म्हणाले, "गाढव आहे तो. बाई, मला खाणाऱ्यांत टाका. पण चव झकास होती, तेही लिहा."

संध्याकाळी ते गेले.

दुसऱ्या दिवशी भिक्खू येऊन गेल्यावर जमलेल्या गड्यांनी जेवणाला मासा चिरला, लिंबू पिळलं. काकानं घास उचलला.

"काका, बाबांनी जाताना गट बदलला. खाणाऱ्यांत गेले."

"दादानं? जन्मात माझं एक ऐकलं नाही, आणि त्या बाईचं ऐकलं?"

"तुमच्यासाठी हो."

काकानं नाक पुसलं, वाटी उचलली आणि चुलीकडे गेला. "वहिनी, कढई कुठे ठेवलीय?"